गोव्यात हॉटेलच्या खोलीतून सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, आता पुढे काय करता येईल?

सांजवेळ | १२ जानेवारी २०२५, रात्री १०:१४

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. आम्ही नाशिकचे. वर्षअखेरीला उत्तर गोव्यात गेलो होतो, मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. २८ ते ३१ डिसेंबर. बीचपासून चालत पाच मिनिटांवर मध्यम बजेटचं हॉटेल, तळमजल्यावर शेजारी शेजारी दोन खोल्या.

३० तारखेला दुपारी साडेचारला सगळे बीचवर गेलो. पाण्यात जायचं म्हणून सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या. कपाटात सेफ होता पण त्याची बॅटरी गेलेली, सकाळीच रिसेप्शनला फोन करून सांगितलं होतं, माणूस पाठवतो म्हणाले, कोणी आलंच नाही. म्हणून मी पाटल्या रुमालात बांधून माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवल्या, त्याच बॅगेत पाकिटात १८ हजार रोख आणि मुलीचा टॅब होता. बॅगेची चेन लावली, खोलीचं दार ओढून घेतलं, हँडल फिरवून बघितलं सुद्धा.

साडेसातच्या सुमारास परत आलो तर कार्ड लागेना, नुसता लाल दिवा. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली मोबाईलजवळ ठेवलं असेल मॅडम, होतं असं, आणि परत कोड करून दिलं. मग मुलांच्या आंघोळी, जेवण. साडेदहाला सासूबाईंनी पाटल्या मागितल्या आणि बॅग उघडली तर रुमालासकट सगळं गायब. कपडे मात्र जसे घडी घातलेले तसेच. दोन तास दोन्ही खोल्या पालथ्या घातल्या, गादीसुद्धा उचलून बघितली.

मॅनेजर आले. पहिलं वाक्य काय, तर सेफ दिलेला आहे, तुम्ही वापरला नाही, आणि चेक-इनच्या फॉर्मवर तुमची सही आहे की मौल्यवान वस्तूंची जबाबदारी हॉटेलची नाही. मग त्यांनीच दुपारी तीनला टॉवेल द्यायला आलेल्या पोराला बोलावलं, असेल वीस-एकवीस वर्षांचा. सगळ्यांसमोर त्याचे खिसे उलटे करायला लावले, तो रडायला लागला. मीही त्याला नको ते बोलले. त्या वेळी मला तोच वाटला, अजूनही वाटतोय.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तीन तास बसलो. अर्ज लिहून घेतला, शिक्का मारून पोच दिली, चौकशी करून कळवतो म्हणाले. आम्हाला त्याच दिवशी निघायचं होतं. आता १२ दिवस झाले, ना हॉटेलचा फोन ना पोलिसांचा. पाटल्या सासूबाईंच्या आईच्या, चार तोळ्यांच्या, पावती अर्थातच नाही. त्या काही बोलत नाहीत पण हात सारखा मनगटावर जातो, ते बघवत नाही. नाशिकमध्ये बसून काही करता येईल का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

निवांत_दुपार | १२ जानेवारी, रात्री १०:४०

फार वाईट वाटलं वाचून. त्या पोचेचा आत्ताच फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा, शिक्क्याची शाई उडते.

खडकवासला_कट्टा | १२ जानेवारी, रात्री ११:०५

राग मानू नका पण बीच ट्रिपला चार तोळं सोनं न्यायचंच कशाला? घरी लॉकरमध्ये ठेवलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

सांजवेळ | १२ जानेवारी, रात्री ११:२१

@खडकवासला_कट्टा, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि लग्नापासून त्या पाटल्या त्यांच्या हातात आहेत. सोनं नेलं असं कोणाला वाटलंच नाही, त्यांच्या हाताचाच भाग होत्या त्या.

आठवणींची_वाट | १२ जानेवारी, रात्री ११:४८

+१ सांजवेळ. ज्याचं गेलंय त्यालाच उलटतपासणी कशाला.

जुना_फ्रंटऑफिस | १३ जानेवारी, सकाळी ६:५५

सांजवेळ ताई, मी २२ वर्षं हॉटेलात काढली, त्यातली १४ फ्रंट ऑफिसला, शेवटची काही वर्षं ड्युटी मॅनेजर. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. संध्याकाळी तुमचं कार्ड लागलं नाही.

आधी सांगा, कार्ड कसलं होतं? काळी पट्टी असलेलं, खाचेत घालून काढायचं, का दाराला नुसतं टेकवायचं?

सांजवेळ | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

टेकवायचं. पांढरं कार्ड, पट्टी वगैरे काही नव्हती. दोन कार्डं दिली होती, एक माझ्याकडे, एक ह्यांच्याकडे. आता आठवतंय, ह्यांचंही लागलं नव्हतं.

जुना_फ्रंटऑफिस | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

मग नीट वाचा. पट्टीवाली कार्डं चुंबकाने पुसली जातात, पर्सच्या चुंबकी बटणाने, मोबाईलच्या कव्हरने, हे खरं आहे. टेकवायच्या कार्डात चिप असते, ती मोबाईलजवळ ठेवून सहसा पुसली जात नाही, आणि दोन वेगवेगळ्या खिशांतली दोन्ही कार्डं एकाच संध्याकाळी बंद पडणं तर मला पटतच नाही.

दोन्ही एकदम बंद पडायचं नेहमीचं कारण वेगळं असतं. रिसेप्शनवर कार्ड भरायचं मशीन असतं, त्याला एन्कोडर म्हणतात. त्यावर कार्ड दोन प्रकारे बनतं. एक डुप्लिकेट, म्हणजे जुनं चालू ठेवून आणखी एक. दुसरं नवीन, म्हणजे नवा पाहुणा आला असं कुलुपाला सांगणारं. हे नवीन कार्ड दाराला एकदा लागलं की कुलूप आधीची सगळी गेस्ट कार्डं आपोआप नाकारतं. पाहुणा बदलला की जुन्याने आत येऊ नये म्हणून ही सोय. तुमची दोन्ही कार्डं बंद पडली याचा अर्थ तुम्ही बीचवर असताना कोणीतरी तुमच्या खोलीचं नवीन कार्ड बनवून दाराला लावलं असण्याची शक्यता मोठी आहे.

३० डिसेंबरला गोव्यात रिसेप्शनवर काय झुंबड असते ते मी पाहिलंय. एक माणूस हाफ पँटवर ओल्या केसांनी येतो, खोली नंबर सांगतो, बायको बीचवर आहे, कार्ड तिच्याकडे राहिलं म्हणतो. समोर दहा जण चेक-इनला उभे. ओळखपत्र बघायचा नियम सगळीकडे आहे, पण त्या गर्दीत पोरं नंबर ऐकून कार्ड देऊन मोकळी होतात. आम्ही नवीन मुलांना हे पहिल्या आठवड्यात शिकवायचो, नाव विचारा, रजिस्टरशी जुळवा, ओळखपत्र नसेल तर सोबत माणूस पाठवून खोलीतलं ओळखपत्र बघा. तरी वर्षातून एकदा कोणीतरी चुकायचंच.

आता तुम्ही काय मागायचं ते सांगतो. या कुलुपाच्या आत नोंद राहते, कुठलं कार्ड किती वाजता लागलं. हाऊसकीपिंगचं फ्लोअर कार्ड वेगळं दिसतं, मास्टर वेगळं, गेस्टचं वेगळं. हातातल्या यंत्राने ती नोंद दारावरून काढता येते, हॉटेलात तिला लॉक रिपोर्ट नाहीतर ऑडिट ट्रेल म्हणतात. पण कुलुपाची मेमरी ठराविक नोंदींची असते, नवीन येतात तसं जुनं पुसत जातं. चालू हंगामात त्या दाराला रोज आठ-दहा वेळा कार्ड लागत असणार. म्हणून आज मागा, उद्या नको. दुसरं, एन्कोडरच्या कॉम्प्युटरवर कुठल्या लॉगिनने किती वाजता कुठल्या खोलीचं कार्ड बनलं हेही असतं, ते जास्त दिवस टिकतं. तिसरं, लॉबीचा सीसीटीव्ही. बहुतेक डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) १५ ते ३० दिवसांत जुन्यावर नवं लिहितात, तुमचे १४ दिवस झालेत. चौथं, ड्युटी मॅनेजरचं लॉगबुक आणि हाऊसकीपिंगची रूम शीट, त्यात पोरगा किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला ते असतं. सेफची तक्रार सकाळी फोनवर केली म्हणता, ती मेंटेनन्सच्या रजिस्टरला चढली असेल तर तेही मागा.

आणि त्या पोराबद्दल. तो तीनला आला, तुम्ही साडेचारपर्यंत खोलीत होतात, पाटल्या त्या वेळी सासूबाईंच्या हातात होत्या. हे तुमच्याच पोस्टमध्ये आहे. हाऊसकीपिंगचा माणूस घरी जाताना टाईम ऑफिसच्या दाराशी रोज झडती देऊन जातो, मॅनेजर झडती देत नाही, रिसेप्शनही नाही. काही गेलं की पहिलं बोट मात्र त्याच्याकडे.

सांजवेळ | १३ जानेवारी, सकाळी १०:०२

दादा, ती वेळेची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. तीनला पाटल्या हातात होत्या. खरंच. मी काय बोलले त्याला.

काळा_कोट | १३ जानेवारी, सकाळी ११:१५

आज कोर्ट उशिरा आहे म्हणून लिहितोय. जुना_फ्रंटऑफिस यांनी मोठं काम केलंय, त्याला कायद्याची जोड देतो.

आधी ईमेल. दुपारच्या आत हॉटेलच्या अधिकृत मेलवर लिहा: खोली नंबर, तारीख, काय गेलं, आणि वर सांगितलेल्या सगळ्या नोंदी व फुटेज जपून ठेवावं, ते पोलीस तपास आणि ग्राहक आयोगासमोर लागणार आहे, ते नष्ट झालं तर जबाबदारी तुमची. हेच पत्र स्पीड पोस्टाने. फुटेज तुमच्या हातात देतीलच असं नाही, दुसऱ्या पाहुण्यांचं कारण सांगतील, हरकत नाही, आत्ता ते पुसलं जाऊ नये एवढंच हवंय. पुढे पुरावा म्हणून वापरताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते पोलीस बघतील.

आता पोलीस. तुमच्याकडे आहे ती अर्जाची पोच, एफआयआर नाही. हा फरक मोठा आहे. अर्जावर तपास सुरू होईलच असं नाही, विमा कंपनीही बहुतेक वेळा एफआयआर मागते. हॉटेलची खोली म्हणजे माणसाच्या राहण्यासाठी वापरली जाणारी इमारत, त्यातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र गुन्हा. जुन्या भादंविचं ३८०. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलंय.

आणि तुम्हाला परत गोव्याला जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. हाच झिरो एफआयआर. नाशिकमध्ये तुमच्या ठाण्यात नोंदवा, ते गोव्यातल्या संबंधित ठाण्याकडे पाठवतील. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाही म्हणाले तर त्याच कलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांना (तुमच्या बाबतीत आयुक्तालय) लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

जबाबदारी आमची नाही ही फॉर्मवरची ओळ. त्याने हॉटेल आपोआप सुटत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या पार्किंगमधून १९९८ मध्ये पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती, गाडी हॉटेलच्या माणसाकडे लावायला दिलेली, टोकनवर मालकाच्या जोखमीवर असं छापलेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटायला हॉटेलला त्या ओळीच्या आड लपता येणार नाही, आणि गाडी कशी गेली ते हॉटेलने समजावून सांगायचं. आता प्रामाणिकपणे सांगतो, तिथे गाडी त्यांच्या ताब्यात दिली होती, तुमच्या पाटल्या खोलीत तुमच्याच बॅगेत होत्या, म्हणून तो निकाल जसाच्या तसा लागेल असं नाही. तुम्हाला निष्काळजीपणा दाखवावा लागेल. ओळख न बघता कार्ड दिलं असेल आणि सेफ बंद होता हे रजिस्टरमध्ये असेल तर सेवेतली त्रुटी दाखवायला मजबूत मुद्दे आहेत.

ग्राहक तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येते, २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथे दाखल करायची सोय आहे. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ऑनलाईन दाखल करायला या १ जानेवारीपासून ई-जागृती पोर्टल आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करून ठेवा, कधी कधी हॉटेल तिथेच नमतं.

मांडवीकाठ | १३ जानेवारी, दुपारी १:२०

गोव्यातून लिहितोय. ताई, एक आणखी. गोव्यात हॉटेल, गेस्ट हाऊस, पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या, सगळ्यांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तुमच्या हॉटेलचा नोंदणी नंबर बिलावर किंवा रिसेप्शनच्या भिंतीवर असेल, तो घालून पर्यटन खात्याकडेही तक्रार करा. हॉटेलवाल्यांना पोलिसांपेक्षा नोंदणीची काळजी जास्त असते असा माझा अनुभव. आणि आमच्या गावात आलेल्या पाहुण्याचं असं झालं की मनापासून लाज वाटते.

टिकली | १३ जानेवारी, दुपारी २:०५

टॅब सिमवाला होता का? मोबाईल किंवा सिमवालं काही गेलं असेल तर एफआयआरची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये (फोनची केंद्रीय नोंद) आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करता येतो. माझ्या भावाचा फोन असा चार महिन्यांनी परत मिळाला, कोणीतरी त्यात नवीन सिम टाकलं तेव्हा पोलिसांना कळलं.

सांजवेळ | १३ जानेवारी, दुपारी २:३०

नाही, नुसता वायफायचा. पण खोका घरी आहे, त्यावरचा सिरीयल नंबर एफआयआरमध्ये घालते. ईमेल गेला बरं का १२:४० ला, स्पीड पोस्ट करायला हे गेलेत.

ढगांच्या_देशा | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

आम्ही नेदरलँड्सला असतो. २०२२ मध्ये रोमला हॉटेलच्या खोलीतून आमचे दोन पासपोर्ट आणि कॅमेरा गेला. तिथे पोलिसांकडे करायच्या तक्रारीला देनुन्चा म्हणतात, काराबिनिएरीच्या ठाण्यात जाऊन केली, त्या कागदाशिवाय पुढे पानही हलत नाही. तो घेऊन भारतीय दूतावासात गेलो. भारतात परतायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, ते फक्त भारतात एकदा परत जाण्यापुरतं असतं, आम्हाला नेदरलँड्सला यायचं होतं म्हणून नवीन पासपोर्टच करावा लागला आणि रजा संपून वर आठ दिवस राहिलो. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा आणि रेसिडेन्स परमिटचा फोटो मेलमध्ये होता म्हणून निभावलं.

पण मुद्दा हा की इटलीच्या नागरी संहितेतच लिहिलंय, पाहुण्याने हॉटेलात आणलेल्या सामानाची जबाबदारी हॉटेलची, खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत, आणि चूक हॉटेलची असेल तर मर्यादाच नाही. फक्त चोरी कळल्याबरोबर सांगायला हवं. आम्ही रात्रीच सांगितलं होतं, वकिलाच्या एका पत्रावर कॅमेऱ्याचे पैसे मिळाले. इंग्लंडमध्ये मर्यादा फार कमी, तिथे १९५६ चा कायदा आहे आणि नोटीस लावलेली असेल, हॉटेलची चूक नसेल तर एका वस्तूला ५० पौंड, एकूण १०० पौंड एवढीच जबाबदारी, आकडा तेव्हापासून तोच. म्हणून ज्या देशात जाल तिथला नियम आधी बघून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. थायलंडला जाणाऱ्यांनी टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नंबर ठेवा, इंग्रजीत बोलतात.

आठवणींची_वाट | १३ जानेवारी, रात्री ९:५०

काल फक्त +१ लिहून गेले होते. लिहू का नको करत होते.

२०१६ ची गोष्ट, महाबळेश्वर. माझ्या मोत्याच्या कुड्या हॉटेलच्या खोलीत दिसेनात. खोली झाडायला एक बाई यायच्या, चाळिशीच्या, माझ्या मुलीला त्यांनी आदल्या दिवशी स्ट्रॉबेरी दिल्या होत्या. मी मॅनेजरला म्हटलं की दुसरं कोणी आलंच नाही खोलीत. बस, एवढंच म्हटलं. तिला घरी पाठवलं. आम्ही पुण्याला आलो आणि तीन आठवड्यांनी ह्यांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात, ब्रशच्या खालच्या कप्प्यात कुड्या सापडल्या. हरवू नयेत म्हणून मीच ठेवल्या होत्या.

हॉटेलला फोन केला तर म्हणाले ती आता येत नाही. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. वेण्णा लेकच्या रस्त्याला कणसं भाजत होत्या. मी पाया पडायला वाकले तर मला धरलं त्यांनी, म्हणाल्या बाई, सापडल्या ना, बरं झालं. हॉटेलवाल्यांनी परत बोलावलं पण त्या गेल्या नाहीत, गावात सगळ्यांना कळलं होतं.

सांजवेळ, तुझ्या पाटल्या कोणीतरी नक्की नेल्यात, तुझी गोष्ट वेगळी आहे. पण त्या मुलाचं काय झालं ते विचार.

सांजवेळ | १३ जानेवारी, रात्री १०:३०

विचारते. उद्याच.

दाभोळखाडी | १४ जानेवारी, सकाळी ७:१५

आमचं दापोलीजवळ चार खोल्यांचं होमस्टे आहे. आमच्याकडे अजून लोखंडी किल्ल्या, पाहुण्याने किल्ली हरवली तर मी त्या दाराचं लॅच बदलतो, खर्च होतो पण झोप लागते. पाहुण्यांना माझं सांगणं, आल्या आल्या मागची खिडकी, बाथरूमची झडप, बाल्कनीचं सरकतं दार तपासा, सरकत्या दाराची खिट्टी खाऱ्या हवेने सडलेली असते, जोर लावला की निघते. आमची आई पंढरपूरला भक्तनिवासात जायची तेव्हा स्वतःचं कुलूप नेत असे, बाहेरून कडी असेल तिथे मी अजूनही तेच करायला सांगतो.

जुना_फ्रंटऑफिस | १४ जानेवारी, सकाळी ८:४०

सेफबद्दलही दोन शब्द. खोलीतला छोटा सेफ हलवून बघा, मागून बोल्टने बसवलेला नसेल तर तो उचलून नेता येतो. तुमचा कोड ठेवण्याआधी ००००००, १२३४५६, ९९९९९९ दाबून बघा, फॅक्टरीचा कोड बदलला नसेल तर उघडतो, तसं झालं तर त्यात काही ठेवू नका. पाहुणा कोड विसरतो म्हणून हॉटेलकडे उघडायचं साधन असतंच. खरोखर मोलाची वस्तू असेल तर रिसेप्शनच्या लॉकरमध्ये पावती घेऊन द्या, कारण ती त्यांच्या ताब्यात गेली की काळा_कोट यांनी सांगितलेल्या गाडीच्या निकालासारखी तुमची बाजू जास्त भक्कम होते. खोलीत असताना आतून डबल लॉक आणि साखळी लावा. कुलुपांचंही सगळं आलबेल नाही, मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं की एका कंपनीची जगभर सुमारे ३० लाख दारांवरची कार्डाची कुलुपं बनावट कार्डांनी उघडता येतात, सगळीकडे दुरुस्ती व्हायला वेळ लागतो.

सांजवेळ | २१ जानेवारी, रात्री ९:१२

अपडेट. झिरो एफआयआर झाला. पहिल्या दिवशी ठाण्यात म्हणाले गोव्याचं प्रकरण गोव्यातच करा, मी कलम १७३ ची प्रिंट समोर ठेवली, मग साहेबांनी बसवून घेतलं, दोन तासांत झालं. पाटल्यांची पावती नसल्याने सासूबाईंच्या १९७३ च्या लग्नातला फोटो आणि मागच्या दिवाळीतला एक फोटो जोडला, आमच्या सराफांनी मागे त्यांना पॉलिश केलं होतं, त्यांनी वजन आणि नक्षीचं वर्णन लेटरहेडवर लिहून दिलं. ठाण्यातल्या मॅडम म्हणाल्या हे फार उपयोगी पडेल, माल सापडला तर ओळख पटवायला.

हॉटेलकडून ईमेलला दोन ओळींचं उत्तर, आम्ही सहकार्य करू. त्या मुलाला १ जानेवारीला कामावरून काढलंय.

काळा_कोट | २१ जानेवारी, रात्री ९:४०

उत्तम. माल सापडला तर कोर्टात अडकून राहील अशी भीती वाटते लोकांना, पण सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय की पंचनामा, फोटो करून मौल्यवान मुद्देमाल लवकर मालकाला द्यावा, आणि नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्याला मुदतीही घातल्यात.

सांजवेळ | ९ मार्च, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, माफ करा. गोव्याच्या ठाण्यातून फेब्रुवारीत फोन आला, तिथले नवीन तपास अधिकारी चांगले आहेत. त्यांनी हॉटेलातून लॉक रिपोर्ट आणि कॉम्प्युटरची नोंद घेतली, आमचे हे दोन दिवस तिकडे जाऊन आले, अधिकाऱ्यांनी ह्यांना ती दाखवली.

३० डिसेंबर. १५:०२ हाऊसकीपिंग कार्ड. १७:४० ला रिसेप्शनच्या लॉगिनवरून आमच्या खोलीचं नवीन कार्ड बनलं. १७:४८ ला ते दाराला लागलं. १९:३६ ला आमचं कार्ड नाकारलं. १९:४४ ला परत केलेलं कार्ड लागलं. जुना_फ्रंटऑफिस दादा, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच, मी त्या कागदाचा फोटो बघून कितीतरी वेळ गप्प बसून राहिले.

लॉबीचं फुटेज ईमेलमुळे वाचलं, त्यांचा डीव्हीआर १५ दिवसांचाच होता. टोपी घातलेला एक माणूस काउंटरवर बोलतोय, मिनिटभरात कार्ड घेऊन जातोय. ओळखपत्र मागितलेलं नाही. तो कोण ते अजून कळलेलं नाही, शोध चालू आहे. पाटल्या नाहीत, टॅबही नाही. सेफची तक्रार मेंटेनन्स रजिस्टरला सकाळी ९:२० ला चढलेली निघाली. ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, हॉटेलने तडजोडीला माणूस पाठवला होता, पहिली अट मी वेगळीच घातली, त्या मुलाचा या चोरीशी संबंध नाही असं लेटरहेडवर लिहून द्या. आठ दिवसांनी दिलं.

त्याचा नंबर रूम शीट भरणाऱ्या सुपरवायझरनी दिला. फोन केला. आता दुसऱ्या ठिकाणी भांडी घासायला आहे, हाऊसकीपिंगला कोणी घेत नव्हतं. मी माफी मागितली, तो हो मॅडम, हो मॅडम एवढंच म्हणत होता. पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं, मूळ प्रत कुरियर केली.

आठवणींची_वाट | ९ मार्च, रात्री १०:२०

🙏

जुना_फ्रंटऑफिस | १० मार्च, सकाळी ७:०५

ताई, त्याला माझा नंबर द्या, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करतो. उत्तर गोव्यात दोन हॉटेलांत हाऊसकीपिंगला माझ्या हाताखालची मुलं आज एक्झिक्युटिव्ह आहेत. पत्र सोबत असेल तर बोलून बघतो.

काळा_कोट | १० मार्च, सकाळी १०:१०

आयोगाच्या तारखेला लग्नाचा मूळ अल्बम न्या, झेरॉक्स नको. सराफांचं पत्र आणि स्पीड पोस्टाची पावती एकाच फाईलला.

सांजवेळ | १० मार्च, रात्री ८:३०

दादा, नंबर पाठवला त्याला, व्यनि बघा. वकीलसाहेब, अल्बम काढून ठेवलाय. सासूबाईंनी स्वतःच पान शोधून त्यात लोकरीचा धागा घालून ठेवलाय, सप्तपदीच्या फोटोत दोन्ही पाटल्या स्वच्छ दिसतात.